वीतभर भिंत

भाड्याची परांची संध्याकाळी सहाला परत द्यायची होती, आणि रविवारी सकाळचे नऊ वाजले तरी भिंतीच्या मधोमध वीतभर पांढरा पट्टा तसाच उभा होता.

पट्ट्याच्या डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. दोघांच्या हातांत ब्रश, दोघांच्या कपाळांना आठ्या आणि दोघांची नजर त्या पट्ट्यावर. एकमेकांकडे बघायचंच नाही म्हटल्यावर माणसाला कुठेतरी बघावं लागतंच.

बोळाच्या अलीकडे, बरोबर समोरच्या खिडकीत, आई शिलाई मशीनवर बसली होती. खांद्यावर टेप, तोंडात दोन टाचण्या. कुणाच्या तरी बाहीचं टोक दुमडता दुमडता तिचं सगळं लक्ष समोर होतं.

"आई," थोरला मान न वळवता म्हणाला, "त्याला सांग, त्याची बाजू कमी पडली आहे."

धाकटा त्याच्यापासून दोन हातांवर होता. त्याला ऐकू गेलं होतं. बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या सायकलवाल्यालाही ऐकू गेलं असणार. तरी आईने टाचण्या काढल्या आणि निरोप पोचवला.

"तुझी बाजू कमी पडली म्हणतो."

"दादाला म्हणावं, माझे बारा चौकोन पुरे आहेत. मोजून घे म्हणावं."

"त्याचे बारा पुरे आहेत म्हणतो."

"बारा माझेही पुरे आहेत," थोरला म्हणाला. "आणि माझी फूटपट्टी बाबांची आहे. बाबांची पट्टी खोटं बोलत नाही, सांग त्याला."

"दादाला म्हणावं, बाबांच्या हातात होती तोवर खरं बोलायची."

हा निरोप आईने पोचवला नाही. अकरा वर्षांत एवढं ती शिकली होती. दहा शब्द आले की चार पोचवायचे आणि उरलेले सहा गिळायचे. पोट कधी बिघडलं नव्हतं, पण हल्ली कंटाळा यायला लागला होता.

अकरा वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना धाकट्याने एका अक्षराचं पोट जरा जास्तच गोल केलं आणि त्याला मागून सावली दिली. थोरल्याने टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते अक्षर पुसलं, तेही गिऱ्हाइकादेखत. भांडण एवढंच. बाबा तेव्हा होते. "पुसायचं असेल तर गिऱ्हाईक गेल्यावर पुसावं," एवढंच ते म्हणाले. पण तोवर धाकटा आपले ब्रश कागदात गुंडाळत होता. तो शाळेत चित्रकला शिकवायला लागला, त्याला सगळे मास्तर म्हणायला लागले. थोरला पाट्या रंगवत राहिला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, जाणंयेणं चालू, आजारपणाला दोघेही धावून येत. एका ताटलीतला पाव दोघं खात, पण मिठाची वाटी सरकवायला सांगायची तर ते आईला सांगत.

म्हणून ही भिंत. समोरच्या कारखान्याच्या बोळाकडच्या भिंतीचा गिलावा पडला, नवा करून झाला, आणि चोवीस फूट लांब, नऊ फूट उंच कोरी भिंत रोज खिडकीतून दिसायला लागली. लोक तिच्यावर जाहिराती डकवायच्या आत आईने ठरवलं. बाबांच्या चित्रवहीतलं टेबलाचं चित्र या भिंतीवर मोठं करून काढायचं. डावी बाजू थोरल्याने, उजवी धाकट्याने. दोघंही नाही म्हणाले नाहीत, कारण चित्र बाबांचं होतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, हातांत एक काम आलं, की दोन शब्द एकमेकांशी बोलतीलच असा तिचा हिशेब होता. दोनच हवे होते तिला. जास्तीचा लोभ नव्हता.

पण तिची मुलं तिला पुरून उरली. थोरला गुरुवारी आला, भिंतीच्या डाव्या कडेपासून चौकोन आखत मध्यापर्यंत आला आणि गेला. धाकटा शुक्रवारी शाळा सुटल्यावर आला आणि उजव्या कडेपासून आखत मध्यापर्यंत आला. पद्धत बाबांचीच. वहीतल्या चित्रावर बारीक चौकोन, भिंतीवर फूटभराचे चौकोन, आणि एकेका चौकोनातली रेघ इकडून तिकडे न्यायची. मधे पट्टा उरलेला दोघांनाही दिसला. दुसऱ्याचं चुकलंय हे दोघांनाही कळलं, आणि दुसऱ्याने ते आपणहून कबूल करावं असं दोघांनाही वाटलं. शनिवारभर दोघं भिंतीच्या दोन टोकांपासून रंगवत आले आणि आपापल्या शेवटच्या रेघेवर थांबले.

आता पट्टा त्यांच्या मधे होता आणि परांची सहाला जाणार होती.

"आजी, हे असंच राहिलं तर कसं दिसेल," खिडकीतल्या स्टुलावरून दशांश म्हणाली.

दशांश म्हणजे थोरल्याची मुलगी. सहा वर्षांची असताना तिने स्वतःची उंची विचारणाऱ्या पाहुण्याला उत्तर एका दशांश स्थळापर्यंत दिलं होतं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. यंदा ती पदार्थविज्ञानात पदवीधर झाली होती. बोलता बोलता तिने पाय मशीनच्या पायट्यावर टेकवला आणि चाक गरगरलं.

"मशीन रिकामं चालवू नकोस."

"काय होतं?"

"कापड सरकवणारे खालचे दात झिजतात. दोरा आत गुंततो. पन्नास वर्षांत मी एकदाही तसं चालवलेलं नाही."

"किती फेऱ्यांनी झिजतात?"

"ते मोजायला तुझ्याइतकी रिकामी कोण होती?"

दशांशने पाय काढला. मग ती आईकडे जरा रोखून बघायला लागली. "आजी, तुला माहीत आहे. काय चुकलंय ते."

आईने बाहीची दुमड नखाने चेपली. "मी शिलाई करते. मला भिंतीतलं काय कळतं."

"शुक्रवारी संध्याकाळी तू टेप घेऊन बोळात गेली होतीस. मी गच्चीवरून बघितलं."

मग खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारी धाकटा गेल्यावर आईने खरंच टेप लावला होता. थोरल्याचे चौकोन फुटाला जवळजवळ अर्धा इंच कमी, धाकट्याचेही कमी, पण थोडेच. दोन्ही पट्ट्या आखूड. पन्नास वर्षं दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईला हे कळायला किती वेळ लागणार?

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दोघांनी आपापलं नीट केलं असतं आणि मधल्या रेघेवर पाठीला पाठ लावून उभे राहिले असते. मला वाटलं, पट्टा राहिला तर निदान भांडतील तरी. समोरासमोर."

"भांडतायत ना."

"माझ्यातून भांडतायत," आई म्हणाली.

दशांशने यावर थोडा विचार केला. तिचा विचार चालू असला की ती अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. "आजी, राग मानू नकोस. तू तार आहेस. त्यांची दोन टोकं लांब असूनही काम चालतं, कारण मधे तू आहेस. तार काढली की एक तर दिवा विझेल, नाहीतर टोकं जवळ आणावी लागतील."

"आणि विझला तर?"

दशांशने पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली; ठाऊक नसलेलं उत्तर ती कधी देत नसे. हा तिचा गुण आईला आवडायचा.

तेवढ्यात बोळात दोघी सुना आल्या, एकाच थर्मासचे दोन कान धरल्यासारख्या. नवऱ्यांचं भांडण या दोघींनी कधी मनावर घेतलंच नव्हतं. थोरली वह्या शिवायची. छापखान्यातून उरलेले कागद आणून, दुमडून, शिवून तिने केलेल्या चित्रवह्या मास्तरच्या शाळेतली निम्मी मुलं वापरत. धाकटी कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करायची आणि त्या बाहुल्यांचे कपडे आईच्या कातरणीतल्या चिंध्यांचे असत. एकीचा कचरा दुसरीचं सामान होता, त्यामुळे अबोला त्यांना परवडणाराच नव्हता.

"झालं का मीलन?" धाकटीने पट्ट्याकडे बघत विचारलं.

दोघांच्या आठ्या वाढल्या, तशी तिने चहा ओतायला घेतला.

"जाऊबाई, हे बघा," ती थोरलीला म्हणाली, "टेबलसुद्धा जुळत नाही."

ते मात्र खरं होतं, आणि सकाळपासून कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. चित्रात लांबलचक टेबल होतं. डाव्या टोकाला बारा वर्षांचा थोरला अक्षरं गिरवत बसलेला, त्याच्याशेजारी लोकर गुंडाळणारी आत्या. उजव्या टोकाला नऊ वर्षांचा धाकटा छातीवर रेलून चित्र काढतोय आणि त्याच्याजवळ आई बटणं लावतेय. सगळ्यांच्या समोरून टेबलाची एकच सरळ कड जाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीवर मात्र डावीकडून आलेली कड पट्ट्यापाशी थांबत होती, आणि पट्ट्यापलीकडे उजवीकडची कड दोन बोटं वरून सुरू होत होती. पट्टा नुसता रंगवून टाकण्यातली अडचण हीच होती. तो भरला तर टेबल मोडलेलं दिसणार होतं.

"आई, त्याला सांग, त्याने त्याचं टेबल दोन बोटं खाली घ्यावं," थोरला म्हणाला.

"टेबल खाली घे म्हणतो."

"टेबल खाली घ्यायचं म्हणजे त्यावरची माझी वही खाली, माझा हात खाली, आईचा हात खाली, बटणांची वाटी खाली. म्हणजे सगळं पुसायचं." धाकट्याने ब्रश डबीत टाकला. "दादाला पुसायला आवडतं, हे माहीत आहे मला."

सायकलवाल्याचा पंप थांबला. आईने हा निरोप पोचवला नाही, पण त्याची गरजही नव्हती. थोरल्याचे कान लाल झाले होते. धाकटा परांचीवरून खाली उतरला, चिंधीला हात पुसू लागला. त्याने ब्रश कागदात गुंडाळायला घेतले.

ते गुंडाळणं आईने ओळखलं. अगदी अकरा वर्षांपूर्वीसारखंच, आधी जाड, मग बारीक.

"दशांश," ती हळूच म्हणाली. "आता बोल."

दशांश खिडकीतूनच बोळात उतरली. पायऱ्यांनी गेली असती तर आठ सेकंद जास्त लागले असते, असं तिने नंतर सांगितलं. तिच्या हातात स्टीलची पट्टी होती.

"बाबा, तुमची पट्टी द्या. काका, तुमची पण."

"कशाला?" दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही अपराधी वाटलं.

तिने दोन्ही लाकडी पट्ट्या बोळातल्या कट्ट्यावर ठेवल्या आणि शेजारी स्टीलची लावली. सगळे वाकले. थोरल्याकडची बाबांची पट्टी अकरा मिलिमीटर आखूड होती. धाकट्याची चार.

"बाबांची पट्टी आखूड कशी असेल," थोरला म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतंच आश्चर्य होतं.

"तुम्ही तिने रंग ढवळता," थोरली सून म्हणाली. "टोक फुगलं, चिरलं, की रंधा मारून साफ करता. दर वर्षी. मीच बघते की."

"एवढासा रंधा."

"वर्षाला एक मिलिमीटर," दशांश म्हणाली. "अकरा वर्षं."

धाकट्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते त्याने आवरलं, कारण आता सगळे त्याच्या पट्टीकडे बघत होते. तिचा इतिहास त्यालाच ठाऊक होता. घर सोडायच्या आदल्या दिवशी त्याने बाबांची पट्टी लाकडावर ठेवून सुताराच्या जाड पेन्सिलीने रेघ मारली होती आणि त्या रेघेवरून करवत चालवली होती.

"रेघेवरून?" थोरल्याने दशांशला विचारलं. "विचार त्याला. रेघ ठेवून कापायचं असतं. बाबा शंभरदा सांगायचे. रेघ ठेवून काप."

"घाई होती," धाकटा पुटपुटला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"म्हणजे," दशांशने आकडे बोटांवर घेतले, "माझ्या बाबांच्या बारा चौकोनांत तेरा पूर्णांक दोन सेंटिमीटर गेले, काकांच्या बारांत चार पूर्णांक आठ. एकूण अठरा. पट्टा अठराचाच आहे. आणि टेबलाची कड खालून पाचव्या रेघेवर, म्हणून तिथे साडेतीनचा फरक. दोघंही चुकलात. बाबा जास्त."

"थँक यू," थोरला म्हणाला.

चूक कुणाची ते कळलं की भांडण संपतं, असा दशांशचा समज होता. आईचा नव्हता. आणि झालंही आईला वाटलं तसंच. थोरला म्हणाला, "आई, त्याला सांग, दोघं चुकलो तरी पुसायचं कुणी ते राहिलंच." आणि धाकटा म्हणाला, "जो जास्त चुकला त्याने." परत पट्टा होता तिथेच. धाकटी सून तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही थोडं घ्या ना खाली," आणि थोरली तिच्या नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीच एक बोट वर घ्या, मोठे आहात." त्याबरोबर दोन्ही नवऱ्यांनी आपापल्या बायकांकडे असं बघितलं, जणू त्या फितूर झाल्या आहेत. घड्याळात साडेदहा वाजले.

आई उठली. गुडघे धरून पायऱ्या उतरली आणि बोळातून पलीकडे गेली. इतक्या जवळून तिने चित्र अजून पाहिलं नव्हतं. आधी तिने स्वतःला बघितलं. बटण लावणारी पस्तीस वर्षांपूर्वीची ती. सुई धरलेली दोन बोटं अगदी तिचीच होती, अंगठा जरा बाहेर वळलेला.

"मला बारीक केलंस," ती धाकट्याला म्हणाली.

"होतीस की."

"नव्हते. पण असू दे, पुसू नकोस."

काल दुपारी धाकटा जेवायला गेला होता, तेव्हा थोरला त्या बोटांसमोर किती वेळ उभा होता, ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. ती टेबलाकडे वळली. डावीकडची कड बघितली, उजवीकडची बघितली, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर हाताची वीत ठेवली. वीत बरोबर बसली.

"आपलं टेबल सरळ कधी होतं?" ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"एक अख्खं टेबल घेण्याची ऐपत कुठे होती तेव्हा. दोन जुनी दारं लाकडी घोड्यांवर टाकली होती, टोकाला टोक लावून. एक जाड, एक पातळ. मधे खाच."

"पेन्सिल अडकायची," धाकटा सावकाश म्हणाला. "लांब रेघ मारायला गेलं की खाचेत अडकून टोक मोडायचं."

"शाईची दौत एकदा तिथेच कलंडली होती," थोरला म्हणाला. तो अर्थातच आईशी बोलत होता. "आणि पातळ दार माझ्याकडे होतं. माझी बाजू खाली."

"चित्रात खाली आहेच तुझी बाजू," आई म्हणाली. "भिंतीवरच्या."

"पण बाबांनी वहीत सरळ काढलंय, आई. एकच टेबल," थोरला म्हणाला.

"बाबांनी वहीत आत्याचं नाकही सरळ काढलंय. कुणाचं वाईट दिसू द्यायचे नाहीत ते."

थोरली सून तोवर आत गेली होती. ती वही घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी सुटलेली पानं शिवताना प्रत्येक पान तिच्या बोटांखालून गेलं होतं, आणि कुठल्या पानावर काय आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. टेबलाच्या चित्रानंतर तीन पानं उलटून तिने वही कट्ट्यावर उघडली. तिथे चित्र नव्हतं, सुतारकामाचा आराखडा होता. टेबलाखाली मधोमध उभा एक टेकू. त्याच्या माथ्यावर दोन्ही दारांच्या कडा येऊन बसलेल्या, एक वर, एक खाली, आणि खालच्या दाराखाली पाचर. बाजूला बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, "मुलं रेलतात. मधे टेकू हवा. रुंदी ४ इंच."

"हा टेकू आठवतो मला," धाकटा म्हणाला. "माझा गुडघा आपटायचा."

"माझाही," थोरला म्हणाला.

दोघं वहीवर वाकले होते. त्यांची डोकी इतकी जवळ आली, की धाकट्या सुनेने थोरलीला कोपर मारलं.

दशांशने भिंतीकडे, वहीकडे आणि परत भिंतीकडे पाहिलं. "चित्रात सगळं मूळच्या दुप्पट आहे. चार इंचाचे आठ, म्हणजे वीस पूर्णांक तीन. पट्टा अठराचा. टेकू दोन्हीकडे सेंटिमीटरभर चढेल. बाबांच्या रंगावर थोडा, काकांच्या रंगावर थोडा."

"चढायलाच हवा," आई म्हणाली. "दोन तुकडे कडेला कड लावून शिवता येत नाहीत. दोन्हीकडून थोडं आत घ्यावं लागतं."

आणि ती खिडकीकडे परत निघाली. बाकीचं तिच्या हातात नव्हतं.

कोण काय करणार हे कुणी ठरवलं नाही, कारण ते ठरलेलंच होतं. पाच फूट उभी सरळ रेघ एका दमात ओढणं हे पाटी रंगवणाऱ्याचं काम. लाकडाच्या शिरा, पाचरीची सावली आणि खाचेतली धूळ हे मास्तरचं. धाकट्याने गुंडाळलेले ब्रश परत सोडले, आधी बारीक, मग जाड. तो बोळाच्या अलीकडे येऊन खिडकीखाली उभा राहिला, कारण रेघ उभी आहे की कलतेय हे जवळून कळत नाही. थोरल्याने मनगटाखाली काठी धरली, श्वास रोखला आणि टेकूची डावी कड खालून वर ओढायला घेतली.

आई मशीनवर बसली होती. बाही शिवून झाली होती, ती घडी करून बाजूला ठेवलेली. मशीनखाली काही नव्हतं.

रेघ टेबलाजवळ पोचली.

"आई," धाकटा म्हणाला, "दादाला सांग—"

आईचा पाय पायट्यावर होता. तिने तो दाबला.

मशीन खडखडलं. कापड नसलं की मशीनचा आवाज वेगळाच येतो, कोरडा, लोखंडाचा. बोळभर तो भरून राहिला.

"आई, दादाला सांग, वर—"

तिने कानाला हात लावून दाखवला आणि पाय आणखी जोरात मारला. कट्ट्यावर बसलेल्या दशांशने खिडकीत पाहिलं. मशीनखाली काही नाही हे तिने बघितलं, तोंड उघडलं, मग आजीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

थोरला थांबला होता. ब्रश भिंतीला टेकलेला, पाठ वळलेली. रंग ओला होता. फार वेळ थांबला असता तर तिथे थेंब जमून ओघळ आला असता, आणि पाटी रंगवणाऱ्याला ओघळ मान्य नसतो. खिडकीखाली धाकटा घसा खाकरत होता. तो एकदा खिडकीकडे वळला, एकदा वहिनीकडे. वहिनी थर्मासचं झाकण लावण्यात गुंतली होती. झाकण लागलेलंच होतं.

"दादा," धाकटा म्हणाला.

मशीनच्या आवाजात ते ऐकू गेलं की नाही कळेना. थोरल्याची पाठ हलली नाही.

"दादा, वर डावीकडे जातेय."

थोरल्याने मान वळवली नाही. पण ब्रश भिंतीवरून उचलला.

"किती?" त्याने विचारलं.

"केसभर."

"कुणाच्या केसाने? तुझ्या डोक्यावर उरलेत का?"

"तुझ्यापेक्षा दोन जास्त आहेत."

"मोजलेस?"

"दशांशने मोजलेत."

थोरला हसला की नाही ते आईला दिसलं नाही. त्याचे खांदे मात्र हलले, आणि मग त्याने कड केसभर उजवीकडे घेतली. धाकटा बोळ ओलांडून पलीकडे गेला आणि त्याच्याशेजारी उभा राहिला, दोघांच्या मधे त्या टेकूएवढीच जागा सोडून. "पाचर आधी काढू की शिरा आधी," असं काहीतरी त्याने विचारलं. थोरल्याने काहीतरी उत्तर दिलं. आईला शब्द नीट ऐकू आले नाहीत. एवढ्या खडखडाटात येणारच नव्हते.

आत दोरा गुंतला होता, तिला पायाखाली जाणवत होतं. दात झिजत असतील. ती पाय मारत राहिली.